वाष्टी काष्टीत येते : ‘द मशीन स्टॉप्स’ या कथेच्या एका नाट्यरूपाविषयी

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही आठ-नऊ विद्यार्थ्यांनी काष्टीजवळच्या आमच्या वस्तीवर, खळ्यात, एका इंग्रजी कथेचे मराठी नाट्यरूप सादर केले. कथा इ. एम. फॉर्स्टरची, ‘द मशीन स्टॉप्स’. प्रयोग जेमतेम चाळीस मिनिटांचा होता, तिकीट नव्हते आणि प्रेक्षक शे-सव्वाशे असतील. त्या निमित्ताने जे वाचावे लागले, तालमीत जे उमगले आणि प्रयोगात जे फसले, ते अभ्यास म्हणून नोंदवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी समीक्षक नाही, दिग्दर्शक तर नाहीच. संहिता माझी होती म्हणून लिहिण्याचे कामही माझ्याकडे आले.

प्रथम कथेविषयी. ती १९०९ च्या नोव्हेंबरात ‘ऑक्सफर्ड अँड केंब्रिज रिव्ह्यू’ या नियतकालिकात आली आणि १९२८ मध्ये ‘द इटर्नल मोमेंट’ या संग्रहात समाविष्ट झाली. त्या वेळी जग कोठे होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हेन्री फार्मन या वैमानिकाने जानेवारी १९०८ मध्ये फ्रान्समध्ये एक किलोमीटरचा फेरा विमानातून पुरा केला, तर त्याचे केवढे कौतुक झाले! फॉर्स्टरला मात्र ती बातमी वाचून धास्ती वाटली आणि त्याने ती आपल्या रोजनिशीत नोंदवली. एच. जी. वेल्स आणि त्याच्यासारखे लेखक यंत्राच्या बळावर उभा राहणारा स्वर्ग रंगवीत होते. ही कथा त्या स्वर्गाला दिलेले उत्तर आहे, असे फॉर्स्टरने पुढे स्वतःच सांगून ठेवले आहे.

कथेतील माणसे पृथ्वीच्या पोटात राहतात. प्रत्येकाला एक षट्कोनी खोली, मधमाशीच्या पोळ्यातल्या घरासारखी. बटण दाबले की अन्न, बटण दाबले की गरम पाण्याची न्हाणी, बटण दाबले की संगीत. माणसे भेटत नाहीत. हातातल्या गोल तबकडीवर निळसर प्रकाशात एकमेकांना पाहतात आणि बोलतात. वाष्टी ही अशा एका खोलीत राहणारी विदुषी. हजारो लोकांशी तिचा परिचय आहे आणि ती खुर्चीतून न उठता दहा-दहा मिनिटांची व्याख्याने देते. तिचा मुलगा कुनो पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला राहतो. कथेच्या आरंभी तो तिला बोलावतो, आणि वाष्टी म्हणते की मी तुला पाच मिनिटे देऊ शकते. कुनोचे मागणे साधे आहे : तू इकडे ये, मला तुला यंत्रातून नव्हे, समोर पाहायचे आहे.

यापुढचे थोडक्यात सांगते. वाष्टी पुष्कळ टाळाटाळ करून विमानाने दोन दिवसांचा प्रवास करते. तिथे कळते की कुनो परवानगीवाचून, आपल्या पायांनी, जुन्या बोगद्यांतून वाट काढून भूपृष्ठावर जाऊन आला आहे आणि त्यासाठी त्याला ‘बेघर’ करण्याची, म्हणजे उघड्या हवेत मरू देण्याची धमकी मिळाली आहे. वाष्टीला त्याची लाज वाटते, ती परत जाते. वर्षे लोटतात. लोक यंत्राच्या माहितीपुस्तकाची पूजा करू लागतात. मग संगीतात खरखर येते, न्हाणीच्या पाण्याला वास येतो, बिछाने हाकेला येईनासे होतात. तक्रारी केल्या जातात, आणि काही दिवसांनी माणसे त्या खरखरीलाच संगीत समजू लागतात. अखेर यंत्र थांबते.

कारेल चापेकच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाचे नाव अशा वेळी हटकून घेतले जाते. ‘रोबो’ हा शब्द जगाला त्या नाटकाने दिला आणि प्रागमध्ये त्याचा पहिला प्रयोग १९२१ मध्ये झाला. आमच्यातील काहींना तेच करावे असे वाटत होते, कारण त्यात बंड आहे, मारामारी आहे. पण चापेकची यंत्रमानवे माणसावर उलटतात. फॉर्स्टरचे यंत्र कोणावर उलटत नाही. ते झिजते, आणि ते दुरुस्त कसे करायचे हे पुरते ठाऊक असलेला एकही माणूस उरलेला नसतो. मला ही दुसरी गोष्ट अधिक खरी वाटली. आमच्या भागात मोटार जळाली, डीपी जळाला म्हणजे काय होते हे मी लहानपणापासून पाहते आहे. घोडच्या कालव्याचे आवर्तन सुटलेले असो वा विहिरीला पाणी असो, थ्री फेज वीज नसेल तर पीक उभ्याने वाळते. आता तर पंपाला मोबाइलवरून चालणारा स्टार्टर बसवतात. पुण्यात बसलेला माणूस काष्टीतली मोटार चालू करतो. सोय मोठी आहे, रात्री-अपरात्री बिबट्याच्या भीतीत रानात जावे लागत नाही. त्यामुळे ‘यंत्र वाईट’ असे सांगणारे नाटक आमच्या वस्तीवर करायला मी धजले नसते. कोणी ऐकूनही घेतले नसते.

फॉर्स्टरचा आपल्या मराठी मुलखाशी एक धागा आहे, तो येथे सांगायला हवा. १९२१ साली तो सुमारे सहा महिने देवास संस्थानच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खासगी चिटणीस होता. देवास माळव्यात असले तरी घराणे मराठा. महाराजांचा विवाह कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या कन्येशी झालेला होता आणि त्या पवारांचे मूळ आपल्याच जिल्ह्यातील, पारनेर तालुक्यातील सुपे गावचे. म्हणजे आमच्या काष्टीहून सकाळी निघाले तर दुपारच्या आत पोचण्यासारखे. या चिटणिसाकडे वाचन-लेखनाचे काम फारसे आलेच नाही. बागा, टेनिसची मैदाने, मोटारी, अतिथिगृह आणि वीजघर यांची देखरेख त्याच्याकडे होती. ‘यंत्र थांबते’ हे बारा वर्षांपूर्वी लिहून बसलेल्या गृहस्थाच्या वाट्याला एका मराठी दरबाराचे वीजघर यावे, ही गंमत त्याच्याही ध्यानात आली असेल काय, कोण जाणे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या वर्षी देवासच्या वाड्यात त्याने गोकुळाष्टमीचा आठ दिवसांचा उत्सव पाहिला. टाळ, गर्दी, घाम, गुलाल, अनवाणी पाय, गोंगाट. त्याला त्याचा वैतागही आला. पण ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) या पुस्तकात त्या दिवसांना त्याने मोठी जागा दिली आहे, आणि ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) च्या शेवटच्या भागातील कृष्णजन्म त्यातूनच आला. त्या प्रसंगी गाणारे लोक तुकारामाचे नाव घेतात. माणसे एकेका खोलीत कोंडली आहेत ही कल्पना त्याने केंब्रिजच्या वळणात वाढलेल्या मनाने केली होती, आणि माणसे एकमेकांना चिकटून गात आहेत हे त्याने आपल्या लोकांत पाहिले. कथा आधीची, अनुभव नंतरचा; म्हणून या दोहोंत कार्यकारणभाव जोडता येणार नाही. परंतु कथेत ज्या गोष्टीची उणीव आहे ती कोणती, हे देवासच्या प्रकरणांवरून मला अधिक नीट कळले. ती उणीव स्पर्शाची आहे.

कथेत एक लहान प्रसंग आहे. विमानात उन्हाचा झोत अंगावर येतो म्हणून वाष्टी दचकून बाजूला होते, तिचा तोल जातो, आणि तेथील सेविका तिला सावरण्यासाठी हात पुढे करते. वाष्टी संतापते. कारण त्या जगात माणसाने माणसाला हात लावणे असभ्य ठरलेले आहे. वाचताना मी हा प्रसंग ओलांडून पुढे गेले होते. तालमीत मात्र आमचे सगळे तिथे अडले, कारण काष्टीच्या माणसाला हे कळावे कसे? आमच्या गावचा शनिवारचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. तिथे बैलाचा सौदा करताना दोघे जण उपरण्याखाली किंवा रुमालाखाली हातात हात घालतात आणि बोटे दाबून भाव सांगतात. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी आकडा त्या दोन हातांपलीकडे जात नाही. तोंडाने नुसते ‘नाही जमायचं’, ‘बघा बरं’ एवढेच चाललेले असते. अलीकडे जनावरांचे फोटो मोबाइलवर फिरतात आणि भावही तिथेच होतात, तरी बाजारात ही पद्धत अजून दिसते.

आम्ही सेविकेचा प्रसंग तिथे नेऊन बसवला. म्हणजे सेविका हात पुढे करते, वाष्टी किंचाळते, आणि मग यंत्राची भूमिका करणारी मुले एक रुमाल दोघींच्या मध्ये धरून विचारतात, ‘हे कशासाठी वापरत होते, कोणाला आठवतं का?’ प्रेक्षकांतून लगेच उत्तर आले. एक आजोबा उठून उभे राहिले आणि बोटांचा हिशोब सांगू लागले. त्यांना बसवायला दोन मिनिटे गेली. ही भर मूळ कथेत नाही, आणि कथेशी ती प्रामाणिक आहे काय, असा आक्षेप आमच्या इंग्रजीच्या सरांनी घेतला. आक्षेप मला मान्य आहे. तरी ती मी काढणार नाही.

आता नेपथ्याविषयी. यंत्र दाखवावे कसे? १९६६ मध्ये बीबीसीने ‘आउट ऑफ द अननोन’ या मालिकेत ही कथा दूरचित्रवाणीवर आणली. फिलिप सॅव्हिल याचे दिग्दर्शन आणि वाष्टीच्या भूमिकेत इव्हॉन मिचेल. तिथे साधने होती. २०१६ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क येथे नील डफिल्ड याने केलेले नाट्यरूप रंगमंचावर आले, ज्युलिएट फॉर्स्टर या दिग्दर्शिकेने ते बसवले होते. आडनाव तेच असले तरी मला तेवढ्यावरून काही नाते जोडायचे नाही. त्या प्रयोगात लोखंडी सांगाड्यावर चढउतार करणारे दोन नट हेच यंत्र होते. आम्ही तो पाहिलेला नाही, वर्णने वाचली. पण ते वाचताच आमच्यातील एकाने मांडी ठोकून सांगितले की, हे तर ‘घाशीराम’च!

त्याचे म्हणणे बरोबर होते. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ मध्ये (पहिला प्रयोग पुणे, १९७२, दिग्दर्शन जब्बार पटेल) ओळीने उभी राहिलेली माणसेच भिंत होतात, पडदा होतात आणि क्षणात पुन्हा माणसे होतात. ती भिंत काहीतरी लपवते, आणि लपवणारी माणसेच असतात. हा त्या नाटकाचा आशयच आहे. आमच्या यंत्रालाही तेच हवे होते. फॉर्स्टरच्या कथेत एक सूचना वारंवार येते : यंत्र माणसांनी केले, हे माणसे विसरली. तेव्हा सहा मुले वाष्टीच्या खुर्चीभोवती षट्कोनात उभी राहिली, पाठ प्रेक्षकांकडे. तिला पाणी हवे तर एक हात मागून येतो, पुस्तक हवे तर दुसरा. त्यांची तोंडे प्रेक्षकांना शेवटपर्यंत दिसत नाहीत. पीव्हीसी पाइपचे तुकडे काथ्याने बांधून आम्ही एक षट्कोनही उभा केला होता. तो दुसऱ्या तालमीला कोसळला आणि कोणाला त्याची उणीव भासली नाही.

हसू सर्वांत अधिक आले ते दुरुस्तीच्या प्रसंगाला. वाष्टी तक्रार करते की संगीतात खरखर आहे. यंत्रातला एक मुलगा, पाठ फिरवलेलीच, अगदी मंजुळ आवाजात म्हणतो, ‘आपली तक्रार नोंदवली आहे.’ ती पुन्हा बटण दाबते. ‘आपली तक्रार नोंदवली आहे.’ तिसऱ्या वेळी प्रेक्षकच ते वाक्य म्हणू लागले. नावांचीही गंमत झाली. वाष्टी म्हणताच ‘काष्टीची बहीण का?’ असे विचारले गेले, आणि कुनो म्हणताच पोरांना मध्य प्रदेशातले चित्ते आठवले. नाव बदलावे असा विचार झाला. पण बायबलमधील एस्तेरच्या पुस्तकात वाष्टी नावाची राणी आहे, तिला राजाने बोलावले असता ती येण्याचे नाकारते आणि राणीपद गमावते, हे वाचल्यावर मी हट्ट धरला. मुलगा बोलावतो आणि आई येत नाही, अशा गोष्टीत ते नाव उगाच पडलेले नाही.

वाष्टी कोणी करावी हा आमच्यापुढील खरा प्रश्न होता. आमच्या वर्गातील मुली आईच्या भूमिकेत मुलांसारख्या दिसत होत्या. अखेर माझ्या काकूंना विचारले. त्या भजनी मंडळात आहेत, सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत, त्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जातो आणि पाठांतर आम्हा सर्वांहून चांगले. त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, गेली तीन वर्षे नोकरीसाठी परदेशात आहे. रोज रात्री तो व्हिडिओ कॉल करतो.

काकूंनी संहिता ऐकली आणि त्यांनी माझी पहिलीच मांडणी मोडीत काढली. मी वाष्टीला मूर्ख लिहिले होते. यंत्राच्या आहारी गेलेली, प्रेम विसरलेली बाई, असे. काकू म्हणाल्या, ‘तिला काय येडी समजती का तू? त्या तबकडीत तरी पोरगं दिसतंय तिला. ती बी नसती तर काय दिसलं असतं?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते. यंत्र नसते तर काकूंना तीन वर्षांत मुलाचे तोंड एकदाही दिसले नसते, ही वस्तुस्थिती आहे. मी सांगू लागले की, कुनोचे म्हणणे असे की तबकडीत तुझ्यासारखे काहीतरी दिसते, तू दिसत नाहीस. काकूंनी ते शांतपणे ऐकले. ‘हां, ते बी खरंय,’ एवढेच म्हणाल्या.

दुसरा वाद पाच मिनिटांच्या वाक्यावर झाला. आई मुलाला ‘पाचच मिनिटे’ असे म्हणणार नाही, हे वाक्य काढ, असे त्यांचे म्हणणे. मी काढायलाही तयार झाले होते. चार दिवसांनी तालमीला येताना त्यांनीच तो विषय काढला. ‘ऱ्हाऊ दे ते वाक्य. काल पोराचा फोन आला, अन् म्हैस पान्हावली होती. मी म्हनलं, ठेव आता, दूध चोरील ती. अन् मग ध्यानात आलं.’ म्हैस पान्हावली की थांबता येत नाही, यात कोणाचाही दोष नाही. पण समोर दारात येऊन उभ्या राहिलेल्या मुलाला त्या ‘ठेव आता’ म्हणू शकल्या नसत्या. तो गोठ्यात आला असता, बादली धरली असती. मला वाटते, कथेचे मर्म इतक्या थोडक्यात मला कोणत्याही टीकाग्रंथात सापडले नसते. यंत्र माणसांना तोडत नाही. ते माणसाला हवे तेव्हा सुरू आणि हवे तेव्हा बंद करता येईल असे करून देते, आणि ही सोय इतकी गोड आहे की तिचा मोह वाष्टीसारख्या विदुषीला काय आणि काकूंना काय, सारखाच पडतो.

त्यानंतर काकूंनी वाष्टी अशी केली की तिची कीव आली नाही, राग आला नाही. विमानातून कॉकेशस पर्वत दिसतो आणि वाष्टी, इथे काही विचार सुचत नाही म्हणून, खिडकीची झडप ओढून घेते, हा प्रसंगही त्यांनी थट्टेचा होऊ दिला नाही. दमलेली बाई एस.टी.च्या खिडकीची काच ओढून घेते तशी त्यांनी ती झडप ओढली.

कुनोचे काम करणाऱ्या मुलाला मात्र एक जागा शेवटपर्यंत जमली नाही. कुनो आईला सांगतो की, आपण ‘जवळ’ आणि ‘दूर’ या शब्दांचे अर्थ गमावले होते. मी खोलीबाहेर पाय दुखेपर्यंत चाललो आणि ते परत मिळवले. जवळ म्हणजे माझे पाय मला जिथे लवकर नेतील ते. आपल्याकडे पंढरीला पायी जाणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच ते नाटकात सपाट वाटले. प्रेक्षकांना ते ठाऊकच होते. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये झाला, तेव्हापासून काष्टीला आगगाडी आहे. तरी दौंडला पायी गेलेल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी घरोघर आहेत. ही जागा पुढच्या वेळी निम्मी करावी लागेल.

आता शेवट. मूळ कथेत यंत्राची एक अखंड घरघर आहे. जन्मापासून ऐकू येत असल्यामुळे ती कोणालाच ऐकू येत नाही. ती बंद होते तेव्हा त्या शांततेच्या धक्क्यानेच हजारो माणसे मरतात. ही घरघर रंगमंचावर आणायची कशी, याचा आम्ही पुष्कळ खल केला. मुलांनी तोंडाने आवाज काढून पाहिला, तानपुऱ्याची ध्वनिफीत लावून पाहिली. सगळे खोटे वाटत होते. शेवटी ध्यानात आले की घरघर आमच्याजवळ आहेच. वस्तीवर रात्रीच्या विजेचा भरवसा नाही, म्हणून दिव्यांसाठी जनरेटर आणावा लागणारच होता. तो आम्ही मुद्दाम जवळ, कडब्याच्या गंजीमागे ठेवला. पहिली पाच मिनिटे लोकांनी कुरकुर केली. नंतर जनरेटर चालू आहे हे कोणाच्या लक्षातही राहिले नाही. शेवटच्या प्रसंगी तो बंद करायचा, आणि चार्जिंगवरचा एक बल्ब तेवढा मिनिटभर ठेवून मग तोही मालवायचा, असे ठरले. कारण कथेत आधी आवाज जातो, नंतर प्रकाश.

जनरेटर बंद झाला. मी गंजीमागे होते, मला लोकांची तोंडे दिसत नव्हती, पण शे-सव्वाशे माणसे एकदम श्वास रोखतात तेव्हा ते ऐकू येते. मग रातकिडे ऐकू आले. लांब कोणाच्या तरी मोटारीतून पाटात पडणारे पाणी ऐकू आले. ते बहुधा तासभर पडत असावे. काकू खुर्चीत बसून होत्या. त्यांनी दोन वेळा हवेतले बटण दाबले. कोणी आले नाही. पाठ फिरवून उभी असलेली सहा मुले एकेक करून खाली बसली आणि पहिल्यांदा त्यांची तोंडे दिसली. एका बाईने आपल्या मुलाचे नाव हळूच उच्चारले.

इथपर्यंत सर्व ठरल्याप्रमाणे झाले. मग बल्ब मालवला, आणि पुरते दोन क्षणही गेले नसतील, तोच मोबाइलचे टॉर्च लागले. आधी एक, मग दहा, मग सगळेच. मला रडू कोसळले. यंत्र थांबल्यावर काळोखात चाचपडत आई मुलाला शोधते, त्याचा हात तिच्या हाताला लागतो, तिथे काळोख हवाच. आणि आमचे खळे लग्नाच्या मांडवासारखे उजळले होते. नंतर विचारले तेव्हा कळले की कोणी टवाळीने टॉर्च लावले नव्हते. खळ्याला लागून ऊस आहे, आदल्या पंधरवड्यात वस्तीवरचे कुत्रे बिबट्याने नेले होते, आणि माणसे पोरेबाळे मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. काळोख झाला की प्रकाश करायचा, हे त्यांचे हात शिकलेले होते. फॉर्स्टरच्या माणसांना भूपृष्ठावर काय आहे याची नुसती भीती होती. आमच्या लोकांना ते नेमके ठाऊक होते.

काकू थांबल्या नाहीत. त्या टॉर्चच्या प्रकाशात त्या जमिनीवर रांगत पुढे आल्या. डोळे त्यांनी मिटून घेतले होते. कुनोचा हात सापडल्यावर तो त्यांनी पदराखाली घेतला, बाजारात रुमालाखाली घेतात तसा. हे तालमीत नव्हते. काही टॉर्च तिथे आपोआप विझले, सगळे नाही.

या प्रयोगाचे चित्रण आमच्या एका मित्राने मोबाइलवर केले आणि काकूंनी ते मुलाला पाठवले. त्याने दुसऱ्या दिवशी फोनवर विचारले की, शेवटी लोक एवढे गप्प का झाले, मला काहीच समजले नाही. आम्ही ते चित्रण पुन्हा लावून पाहिले, तेव्हा कारण कळले. मोबाइल एकसुरी आवाज आपोआप दाबून टाकतो; त्यामुळे जनरेटरची घरघर चित्रणात जवळजवळ नाहीच. जे कधी ऐकू आलेच नाही, ते थांबल्याचे कसे कळणार? मी त्याला हे फोनवर समजावून सांगत होते. काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाल्या, ‘तुला नाय कळायचं त्यात. दिवाळीला ये, मग खळ्यात करून दावू. जनरेटर हाय अजून.’ आणि मग, गोठ्याकडे पाहत, ‘थांब, ठेवू नको. मी म्हशीकडं जाते, तू बोलत ऱ्हा.’